छबूबाईच्या पाठीवरचं

छबूबाईला सगळं बघायचं असायचं. कोंबडी कापली की तिच्या पोटातून काय काय निघतं ते बघायचं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की मिस्त्री ते खोलेपर्यंत शेजारी उकिडवं बसायचं. एसटीत चढली तर ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि कुठला दांडा ओढल्यावर गाडी काय करते ते बघायचं. जामखेडजवळच्या त्या गावात लोक तिला पाठीमागं 'तपासनीस' म्हणत. तिला ते कळलं होतं आणि त्याचा राग मुळीच नव्हता. उलट, ज्यांना कशाचंच कुतूहल नाही अशी माणसं दिवसभर करतात तरी काय, याचंच तिला नवल वाटे. अशा बाईला देवानं गाठ द्यावी ती नेमकी पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, जिथं स्वतःची बोटं जेमतेम पोचतात आणि डोळा काही केल्या पोचत नाही. थट्टाच म्हणायची ही.

गाठ लक्षात आली ती दुष्काळी कामावर. पावसानं दगा दिला होता आणि अर्धं गाव पाझर तलावाच्या बांधावर माती वाहत होतं. पाटी उचलताना चमक भरून सूज आली असेल, असं बायकांचं मत पडलं. छबूनं प्रत्येकीला पाठ दाखवली आणि प्रत्येकीला विचारलं, कशी दिसते. एक म्हणाली सुपारीएवढी, दुसरी म्हणाली लिंबाएवढी, तिसरी म्हणाली अगं काही नाही, नुसता फुगवटा आहे. एकीचं दुसरीशी जुळेना. शेवटी तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. मच्छिंद्र तसा गरीब स्वभावाचा, पण बायकोशी वाद घालण्यात मात्र कधी मागं हटत नसे. तो म्हणाला, "न्हावी मागनं एक आरसा धरतो, मंग म्होरल्या आरशात आपली मान दिसती. त्यातलाच प्रकार करावा लागंल."

एवढं ऐकल्यावर काय, छबूबाई न्हाव्याच्या दुकानाकडं निघालीच. गावात शोभा नको म्हणून मच्छिंद्रच धावत पुढं गेला आणि तोंड लपवत आरसा मागून आणला. घरातला एक आणि न्हाव्याचा एक, असे दोन आरसे समोरासमोर धरून तिनं एकदाची ती गाठ पाहिली. कातडी तिचीच, तिच्याच रंगाची. खालून कोणी मूठ लावल्यासारखी वर आलेली. लाल नाही, तोंड धरलेलं नाही, दुखतही नाही. तिची निराशाच झाली. आत काय आहे ते आरशात कुठलं दिसायला?

पुढच्या काही महिन्यांत लिंबाचा पेरू झाला, तेव्हा मात्र घरच्यांनी नगर गाठलं. पाठ उघडी करून दाखवायची म्हणून बाईमाणूस डॉक्टर शोधली. केडगावला मच्छिंद्रची बहीण साळूबाई राहायची, तिच्या घरी मुक्काम ठेवला. बरोबर सासू आक्काबाई आली. ती येणारच होती. गावात कोणाला गळू झालं, काखमांजरी झाली, तर लोक आधी आक्काबाईकडं येत आणि मग गरज उरली तर दवाखान्यात जात. सुनेची गाठ आपल्या हाताबाहेरची निघाली, हे म्हातारीच्या मनाला लागलेलं होतं.

डॉक्टर विजयमाला उंच, सडपातळ, आणि बोलायला तुटक होत्या. त्यांनी गाठ चारी बाजूंनी चाचपली, हलवून पाहिली, काखेत बोटं घालून पाहिली. तुटक बोलणाऱ्या माणसाला बोलतं करणं छबूला चांगलं जमायचं.

"काय लागतंय हाताला?" तिनं विचारलं.

"घट्ट आहे. खालच्या मांसाला धरून आहे."

"मंजी काय?"

"म्हणजे अजून कळलं नाही. छातीचा फोटो काढून आणा."

फोटो आला तेव्हा छबूनं तो आधी स्वतःला दाखवा म्हणून हट्ट धरला. बाईंनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि छबू पदर तोंडाला लावून बघतच राहिली. तिच्याच फासळ्या. दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेलेल्या, पांढऱ्या, नीट लावलेल्या. इतकी वर्षं आपण हे आत घेऊन हिंडतोय आणि एकदाही गाठभेट नाही, याचं तिला हसू आलं.

"आन् गाठ कुटं हाय ह्यात?"

"ती यात दिसत नाही. फुप्फुसं स्वच्छ आहेत, ते बघायला हा फोटो काढला. गाठ कशाची आहे ते कळायला तिचा लहानसा तुकडा काढावा लागेल. तो पुण्याला पाठवायचा. तिथं त्याच्या पातळ चकत्या करून यंत्राखाली बघतात. उसाचं कांडं आडवं कापलं की आत बारीक बारीक ठिपके दिसतात ना? तसं माणसाचं मांसही बारीक दाण्यांचं असतं. ते दाणे कसे आहेत त्यावरून गाठीची जात कळते."

छबूला हे फार आवडलं. कोणीतरी पुण्यात बसून आपल्याला आतून बघणार, या विचारानं तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. तिनं यंत्र केवढं असतं, चकती कशानं कापतात, तोवर तुकडा नासत कसा नाही, असं बरंच काही विचारलं. बाईंनी यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी यायला सांगितलं, पाठ साबणानं स्वच्छ धुवायला सांगितली आणि बजावलं, "तोवर त्या जागेला हात लावायचा नाही. काही लावायचं नाही." पुढं त्यांनी छबूला तपासणीसाठी रक्त द्यायला पाठवलं आणि मच्छिंद्रला थांबवून घेतलं.

रक्त देऊन ती परत आली तर मच्छिंद्र बाहेरच्या बाकावर बसलेला. काय म्हणाल्या, तर म्हणाला, "काय न्हाई, सोमवारी या म्हनल्या." वाटेत त्यानं न मागता तिला उसाचा रस पाजला.

आता घोटाळा झाला तो इथं. आक्काबाईनं डॉक्टरणीचं बोलणं नीट ऐकलं होतं, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सोमवारी गाठीला शस्त्र लागणार. आणि तिची सगळी हयात एका नियमावर गेलेली होती की कच्च्या गळवाला पातं लावायचं नाही. कच्चं कापलं की चिघळतं. आधी पिकवायचं, मऊ करायचं, तोंड धरू द्यायचं आणि मग टोचायचं. या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये? हात लावू नका म्हणजे दुसऱ्या कोणी दाबादाबी करू नये, असा तिनं अर्थ लावला. आपला हात थोडाच परका होता.

"सोमवारपत्तुर पिकवून देती," ती छबूला म्हणाली. "बाईचं काम हलकं हुईल आन् तुला तरास व्हायचा न्हाई."

छबूला डॉक्टरणीची ताकीद चांगली आठवत होती. पण तिच्या मनात वेगळंच चक्र सुरू झालं. पिकली तर गळू, नाही पिकली तर दुसरं काहीतरी. पुण्याच्या यंत्राच्या आधीच आपल्याला कळेल. हा मोह तिला आवरला नाही. खरं सांगायचं तर म्हातारीपेक्षा तिचाच दोष जास्त, कारण म्हातारीला वाटत होतं आपण बरोबर करतोय आणि हिला माहीत होतं आपण चुकतोय.

साळूबाईच्या चुलीवर जवस वाटून शिजवलं, हळद घातली आणि सोसवेल इतकं गरम पोटीस पाठीवर बांधलं. दुसऱ्या दिवशीही बांधलं. गाठ होती तशीच घट्ट. तेव्हा आक्काबाईनं पदर खोचला आणि बिब्बा काढला. बिब्ब्याच्या तेलाचं बोट फिरवलं की कसलंही आडमुठं गळू वठणीवर येतं, असा तिचा अनुभव होता. गळू वठणीवर आलं नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळी पाठ पेटली, कातडीला पाण्याचे फोड आले आणि छबूला पदरही सहन होईना. तेवढ्यातही तिनं साळूबाईकडून आरसे धरवले. फोड वर होते. खाली ती मूठ होती तशीच होती.

म्हणजे गळू नाही. तिला उत्तर मिळालं होतं, पण त्याचा आनंद काही झाला नाही.

सोमवारी डॉक्टर विजयमालांनी पाठीवरचा पदर बाजूला केला आणि क्षणभर डोळे मिटले. "कोणी केलं हे?"

"म्या," आक्काबाई म्हणाली. "पिकवत हुते."

"ही गाठ पिकणारी नाही, आजी. आता या भाजलेल्या कातडीतून मी कापू शकत नाही. आत सगळी घाण जाईल. बरं होईपर्यंत थांबावं लागेल, आणि थांबायला आपल्याकडं फार वेळ नाही." त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. आक्काबाई भिंतीला धरून खाली बसली. छबूनं तोंड उघडलं, "बाई, म्याच करू दिलं वो. मला बघायचं हुतं." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मलमाची डबी हातात दिली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

मग केडगावात वाट बघणं आलं. फोड सुकत होते, खपल्या धरत होत्या, आणि छबूला बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती माणसं बघू लागली. सासू तिच्याशी नजर मिळवत नव्हती. ते समजण्यासारखं होतं. पण मच्छिंद्रचं काय? गावाकडं एक फेरी मारून आला तो तिच्यासाठी बांगड्या घेऊन. भाकरी करपली तर मुकाट्यानं खाल्ली. तिनं मुद्दाम म्हटलं, की पाटाकडचा जमिनीचा तुकडा विकून टाकावा, तर म्हणाला, "तुला वाटतंय तर इकू." लग्न झाल्यापासून त्या तुकड्यावरून त्यांची भांडणं झाली होती. छबूनं ओळखलं. हा माणूस आपल्याशी भांडेनासा झाला आहे, म्हणजे याला काहीतरी सांगितलेलं आहे.

दुपारी अंगणात तो दावं वळत बसला होता. ती समोर जाऊन बसली.

"डाक्टरीनबाई तुमाला काय म्हनल्या?"

"काय न्हाई."

"माझी पाठ हाय ती. तुमची न्हाई."

त्याचे हात थांबले. "पाठ भाजल्यावर आयला सांगितलं, तिनं शपत घातलीया," तो म्हणाला. "रोग्याला सांगितलं की रोगी खचतो. तू इचारू नको."

"तसला रोग हाय का?"

"आसंल, नसंल. पुन्याहून उत्तर आल्याबिगर बाईंनाबी सांगता येत न्हाई. लई इरळा हाय म्हनं, त्यांनी सोताच एखाददुसराच बघितलाय. झालं आता? उट." त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलले ते तिला दिसलेच.

छबू उठली नाही. भीती वाटली, फार वाटली. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि तो संताप होता. तुकडा आपल्या पाठीतून जाणार, पुण्याला जाणार, तिथला परका माणूस तो बघणार, त्याचं उत्तर डॉक्टरणीला कळणार, नवऱ्याला कळणार, सासूला कळणार, नणंदेलाही कळेल. सगळ्यांना कळेल, आणि जिची पाठ तिला मात्र सगळे गोड बोलतील, बांगड्या आणतील. या घरात तिच्यापासून कोणी कधी काही लपवू शकलं नव्हतं आणि आता एवढी मोठी गोष्ट लपवायला निघाले होते. तिनं ठरवलं, की तुकडा जाईल तर उत्तर आपल्यालाच सांगायचं कबूल करून घेऊनच जाईल.

कातडी भरली. डॉक्टरांनी पुन्हा दिवस दिला. या वेळी छबूनं पाठीला साबण सोडून काही लागू दिलं नाही, पाण्याचा घोटही न घेता ती टांग्यात बसली. आक्काबाई येऊ की नको करत होती. छबूच सासूला म्हणाली, "चला आत्याबाई, तुमच्याबिगर मला कोन हाय तितं."

आत जायच्या आधी बाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. काय करणार ते सांगितलं. तेवढीच जागा सुईनं बधिर करायची, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा घ्यायचा, टाके घालायचे. उत्तर यायला पंधरवडा लागेल.

मच्छिंद्र पुढं सरकला. "बाई, काय निगंल ते मला सांगा. हिला नगं. मी येतो एकटा."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. दवाखान्याची रीतच होती ती, रोज कोणी ना कोणी नवरा हेच म्हणत असणार.

"मी हितंच बसलीया," छबू म्हणाली. "मला कळनार नसंल तर मी तुकडा द्यायची न्हाई. कापू नका. ऱ्हाऊ द्या तशीच."

"येडी झालीस का?" मच्छिंद्र उठून उभा राहिला. डॉक्टर काही बोलायला गेल्या, तेवढ्यात कोपऱ्यातून आक्काबाईचा आवाज आला.

"मच्छू, बाईंना तिला सांगू दे."

"आये, तूच शपत घातली हुतीस."

"घातली हुती. आता काढती." म्हातारीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ती कोणाकडंच बघत नव्हती. "तुज्या बापाला घशाचं झालं तवा जामखेडच्या डाक्टरनं मला एकलीला सांगितलं. म्या त्यांना म्हनलं, पाडव्यापत्तुर बरं वाटंल. रोज म्हनायची. म्होरं म्होरं त्यांनी इचारायचं सोडून दिलं. त्यांना कळलं हुतं रं. आन् त्यांना कळलंय ते मला ठावं हुतं. तरीबी एका घरात आमी दोघं गप ऱ्हायलो. त्यांना काय बोलायचं हुतं, कशात जीव अडकला हुता, समदं तसंच घिऊन गेले. तुलाबी म्या कधी सांगितलं न्हाई." आता तिनं छबूकडं पाहिलं. "म्या पोटीस बांदलं ते चुकलं. हे त्याच्यापरीस मोटं चुकंल."

मच्छिंद्रला हे नवीन होतं. तो आईकडं बघत राहिला. बाप पाडव्याची वाट बघत गेला एवढंच त्याला माहीत होतं.

डॉक्टर विजयमाला खुर्ची ओढून छबूसमोर आल्या. "वाईट निघालं तर? मोठं ऑपरेशन करावं लागेल, मुंबईला जावं लागेल. एवढं करूनही मी खात्री देणार नाही. हे ऐकायची तयारी आहे?"

"तयारी कशी आसंल वो? पर मला ठावं पायजे. माझ्या आत काय हाय ते समद्या जगाला ठावं आन् मला न्हाई, असं नगं."

"बरं. तुम्हालाच सांगेन. जे असेल ते, जसं असेल तसं."

टेबलावर ती पालथी पडली. सुई टोचली तेव्हा ती कण्हली, मग जागा दगडासारखी झाली. नुसती ओढाताण कळत होती, जशी दुसऱ्या कोणाच्या पाठीवर चालावी तशी. तिनं मध्येच विचारलं, काय करताय. बाई म्हणाल्या, वरचं कातडं उघडलं. थोड्या वेळानं परत विचारलं. बाई म्हणाल्या, आता मांस बाजूला सारतेय. नर्सला हसू आलं. बाईंनी मात्र प्रत्येक वेळी उत्तर दिलं.

टाके झाल्यावर त्या काचेची बुटकी बाटली घेऊन तिच्या तोंडासमोर आल्या. पाण्यासारख्या औषधात तो तुकडा तरंगत होता. छबूनं मान वळवून तो डोळे भरून पाहिला. लाल असेल असं तिला वाटलं होतं. तो पांढुरका होता, ओल्या नारळाच्या कातळीसारखा, एका कडेला किंचित गुलाबी. इतके दिवस जे बघायचं होतं ते हे.

"कशाचं वाटतंय?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला संशय आहे, पण माहीत नाही."

"तुमालाबी बघायचंय न्हवं?"

डॉक्टर विजयमालांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि सरळ म्हणाल्या, "हो."

पट्टी बांधून ती बाहेर आली तेव्हा आक्काबाई बाकावर डोळे मिटून बसली होती आणि मच्छिंद्र दाराशीच उभा होता. त्यानं तिचा उजवा दंड धरला. दोघं हळूहळू पायऱ्या उतरले. खाली आल्यावर तो म्हणाला, "पंद्रा दिसांनी तू येशील तवा मी संगं येतो."

"मला एकलीला सांगनार हायेत बाई."

"सांगू दे. पर मला बाहीर बसवू नको." त्यानं तिचा दंड सोडला नाही. "म्हयनाभर एकलाच घिऊन हिंडलो ते, छबू. जेवताना, झोपताना, तुज्याशी बोलताना. आता जे आसंल ते दोघांनी एकदम ऐकू. एकट्याला न्हाई झेपत."

छबूनं त्याच्याकडं पाहिलं. महिनाभर सगळ्यांची तोंडं वाचत बसली होती ती, पण हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं दंडावरचा त्याचा हात काढून आपल्या हातात घेतला.

"या," ती म्हणाली.